बिननावाची ताटली

इस्रायलमधल्या बेर्शेबात त्या काळी बरंच काही मिळायचं, पोहे मात्र मिळायचे नाहीत. रोझीबाईंनी मुंबईहून येणाऱ्या एका पाहुण्याच्या मागे लागून ते मागवले होते आणि पत्र्याच्या डब्यात घालून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले होते. घरात कुणी नुसतं त्या फळीकडे पाहिलं तरी त्या डोळे वटारायच्या. ते पोहे लेकीच्या, जेरुशाच्या, लग्नाच्या मलीद्याचे होते. जेरुशाचं लग्न ठरलेलं नव्हतं तेव्हापासून होते.

सन १९६३च्या उन्हाळ्यात तो डबा एकदाचा खाली आला. जेरुशाने स्वतःच जमवलं होतं. ती दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. काचपट्टीवर दिसेल तेवढंच खरं मानणारी मुलगी. घरात कुणाला शिंक आली तरी आधी ताप मोजायची आणि मग बोलायची. एरन वाळवंटात पाण्याच्या बोअरिंगवर कामाला होता. उन्हाने रापलेला, उंच, कमी बोलणारा. महायुद्धानंतर अनाथ मुलांचा एक जथा रुमानियातून बोटीने आला, त्यात तो होता. किबुत्झने, सामुदायिक शेतीवरच्या एका वसाहतीने, त्याला वाढवलं, एरन हे नावही त्यांनीच ठेवलं. त्याला ना आई, ना बाप, ना कुणाचा फोटो.

"पोर चांगला हाय," जेरुशाचे वडील मेयर म्हणाले होते, "पन त्याच्याकडून मलीद्याला बसनार कोन?"

एरन एकटाच बसला. इस्त्रीचा खाकी शर्ट घालून, चटईवर मांडी घालता येईना म्हणून पाय एकीकडे काढून.

मलीद्याशिवाय बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातून आलेल्या यहुद्यांचं, शुभकार्य होत नाही. पोह्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे घालायचे, पाच फळं मांडायची, प्रेषित एलियाहूची प्रार्थना म्हणायची. रोझीबाईंच्या माहेरी त्यापुढे आणखी एक चाल होती. लग्नाच्या आधी घरातल्या मेलेल्या बायकांना नावाने बोलवायचं. प्रत्येकीची एक ताटली, वर खडीसाखरेचा खडा. लग्न लागलं की पुन्हा ताटल्या भरायच्या आणि एकेकीला नावाने निरोप द्यायचा. नाव घेतल्याशिवाय आलेलं माणूस परत जात नाही, असं रोझीबाईंची आई सांगायची.

रोझीबाईंनी पहिल्या ताटलीवर हात ठेवून आपल्या आईला, हन्नाबाईला बोलवलं. दुसरीवर सासूचं नाव घेतलं. आणि तिसरीवर अडल्या.

"आईच्या आईचं नाव काय गो?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. "माज्या लग्नात आईनं घेतलं असंल, पन मी तर मेंदीचे हात घेऊन आत बसलेली."

सगळे हसले. मग रोझीबाईंनी खोलीभर नजर फिरवली. आनंदाच्या भरात माणूस सढळ होतं, तशा त्याही झाल्या. म्हणाल्या, "आज हितं बसलेल्यांच्या ज्या कोनी आज्या-पनज्या असतील, ज्यांचं नाव कुनाला ठाव नाय, त्यांनीबी यावं."

सकाळी जेरुशा ताटल्या उचलायला गेली. मलीदा तिन्हींत जसाच्या तसा होता. दोन ताटल्यांत खडीसाखरही होती. तिसऱ्या ताटलीतला खडा तेवढा नव्हता.

"मुंग्या," ती म्हणाली, आणि मुंग्या बघायला खाली वाकली. एकही दिसली नाही, पण कामावर जायला उशीर होत होता.

*

लग्न नोंदवायच्या कचेरीतले रब्बी, म्हणजे धर्मगुरू, तरुण होते आणि बोलायला अगदी मऊ. त्या दिवसांत वरून हुकूम होता की बेने इस्रायल मुलीने बाहेरच्या घरात लग्न करायचं म्हटलं, तर तिच्या आईकडची मुळं तपासायची. आईची आई कोण, तिची आई कोण, त्या यहुदीच होत्या हे सांगणारं कुणी आहे का. हन्नाबाईपर्यंत सगळं सुरळीत झालं.

"आणि हन्नाची आई?" रब्बींनी हिब्रूत विचारलं. "नाव? कुणी ओळखीचा साक्षीदार?"

जेरुशाला कानफटात बसल्यासारखं झालं. शेजारी एरन बसला होता. त्याच्यासाठी किबुत्झमधल्या दोघांनी शब्द टाकला होता, तेवढ्यावर त्याचं काम झालं होतं. त्याच्या आजीचं नाव कुणी विचारलंच नाही.

"आपण सायप्रसला जाऊन लग्न करू," बाहेर आल्यावर एरन म्हणाला. "तिथे रब्बींचा शिक्का लागत नाही. खूप जण करतात."

"चोरासारखं?" जेरुशा भडकली. "माझ्या पणजीने शनिवार पाळला, चूल विझवली, उपास केले, आणि मी तिला लपवून बोटीत बसू? मी तिचं नाव काढते. बघच तू."

रागाच्या भरात बोललेलं वाक्य, पण दोन दिवसांत त्याचं वेडच लागलं. लॅबमधल्या जाड कागदावर तिने सगळ्यात खाली स्वतःचं नाव लिहिलं, वर आई, वर हन्नाबाई, आणि त्याच्यावर एक रिकामा चौकोन. त्या चौकोनाकडे ती बघत बसायची. कोण असेल ही बाई? गोरी की सावळी? तापट असेल का, आपल्यासारखी? सुट्टी मिळाली की जेरुशा बसस्टँडवर. पायांना भिंगरी लागल्यासारखी.

*

पहिल्यांदा ती लोदला, विमानतळाच्या गावाला, गेली. रोझीबाईंची चुलतबहीण शुलामितमावशी तिथे स्टेशनपलीकडे राहायची. मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं मधेच थांबवायची आणि विमान गेल्यावर त्याच शब्दापासून पुढे सुरू करायची.

मावशीने दार उघडलं. "या गो, दोघीजनी या. उन्हाच्या कशाला उभ्या ऱ्हाता?"

जेरुशाने मागे वळून पाहिलं. तापलेली गल्ली, वाळत घातलेल्या चादरी, दुसरं काही नव्हतं. मोतीबिंदू, तिने मनात नोंद केली. मावशीने तीन कप मांडले. जेरुशाने ते तसेच राहू दिले, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं.

"हन्नाची आई?" मावशी म्हणाली. "तेलीन होती ती. नवरा-बायको कोकनात घाना चालवायची. शुक्रवारी सांज झाली की घाना बंद. आनि तो बैल! शनवारी दावं सोडलं तरी मेला सवयीनं गोल गोलच फिरायचा. ही त्याला गूळ द्यायची, म्हनायची, बस रे बाबा, आज तुलाबी शाब्बात हाय."

जेरुशा खुर्चीच्या टोकावर आली होती. रिकाम्या चौकोनात आता गूळ देणारा एक हात आला होता. "आणि नाव, मावशी? नाव काय?"

"तेलीनआजी. सगळी तेच म्हनायची." विमान गेलं. मावशी थांबली. पुढे म्हणाली, "अबाजीला विचार, येरुशलेमला. तो त्यांच्याच वाडीतला."

इतक्यात काहीतरी फुटलं. कट्. अगदी बारीक आवाज. इंजेक्शनची काचेची कुपी मानेपाशी मोडताना येतो तसा. लॅबमध्ये दिवसातून कितीदा तरी ऐकलेला आवाज, म्हणून जेरुशाने आधी काच शोधली. काच नव्हती.

निघताना मावशी दारात वाकून फरशी चाचपडत होती. "भाईर पाऊस हाय काय गो? तुज्यासंगतीच्या बाईनं सगळं वलं केलं."

ऑगस्ट चालू होता. उंबऱ्याच्या आत फरशी ओली होती, तळहाताएवढ्या दोन जागी. जेरुशाने बोट लावलं. पाणी गार होतं, बर्फाच्या पेटीतल्यासारखं. माठ पाझरत असेल, असं ती बसमध्ये बसल्यावर स्वतःला म्हणाली. मावशीकडे माठ नव्हता, हे तिला रामला गाव मागे पडल्यावर आठवलं.

पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला बैल दिसत होता. घरी येऊन तिने आईला सगळं इतक्या घाईने सांगितलं की अर्धं हिब्रूत, अर्धं मराठीत झालं. रोझीबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच विचारलं, "आनि ते गुळाचं पुन्यांदा सांग."

*

अबाजीकाका यरुशलेमला एका चढावरच्या दगडी घरात राहत. उभा जन्म मुंबईला रेल्वेच्या सिग्नलवर गेलेला, वर्षाला डोळे तपासले जायचे आणि वर्षाला डॉक्टर शाबासकी द्यायचा. म्हातारपणातही खालच्या बसवरचा नंबर ते खिडकीतून वाचत. जेरुशा पोचली तेव्हा दार उघडंच होतं आणि टेबलावर चहाचे तीन पेले होते.

"तुला चढ चढताना बघितली," काका म्हणाले. "जरा हळू चालायचं. त्या बाई मागं पडल्या, दमल्या बिचाऱ्या."

जेरुशाने दाराबाहेर पाहिलं. चढ रिकामा होता. इथे मोतीबिंदू नव्हता.

"कोण बाई, काका?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या शेजारच्या खुर्चीकडे. रेल्वेतला माणूस, जे दिसलं ते सांगायचं, वाद घालायचा नाही.

"डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी. बारकी. मान खाली." ते जरा थांबले. "तुला दिसत नाय काय?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे," काका म्हणाले, आणि साखरेच्या वड्यांचं भांडं त्या खुर्चीपुढे सरकवलं.

एरवी जेरुशा उठून निघून गेली असती. त्या दिवशी मात्र तिच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि त्याच्या मागोमाग, काय सांगावं, एक वेडा आनंद. तिसरी ताटली. आईने बोलवलं आणि ती आली! ती लोदला आली, या चढावर आली, आपल्यासाठी आली. बैलाला गूळ देणारी.

"काका, ती तेलीणआजी आहे ना? तुम्ही पाहिलीय ना तिला?"

"ती गेली तवा मी पोर होतो. तोंड आठवत नाय गो."

"आणि नाव?"

काका हसले. "नाव कसं इसरीन? हन्नाच्या लग्नात तिच्या आईची ताटली मीच उचलून चिंचेखाली ठेवली. माज्या आईनं निरोप दिला, मी ताटली धरलेली." त्यांनी डोळे मिटले आणि म्हातारा आवाज एकदम बायकी, ओढलेला झाला. "एस्तेर, अकूबाई, लेकीचं लगीन झालं. जेवून जा. सुखानं जा."

एस्तेर. घरात अकूबाई. जेरुशाने ते नाव मोठ्याने म्हटलं, पुन्हा म्हटलं, आणि रडायलाच लागली. हसत हसत रडायला लागली. आभाळ ठेंगणं झालं होतं. "तुम्ही साक्षीला याल ना, काका? कचेरीत?"

"न येऊन सांगतो कुनाला."

कट्. पुन्हा तोच आवाज, अगदी शेजारून. या वेळी ती दचकली नाही.

"गमतीशीर चहा पितात," काका खुर्चीकडे बघत हळूच म्हणाले. "साखर चहात नाय घालत. वडी दातात धरायची, फोडायची, आनि वरून चहा. आपल्यात असं कुनी पीत नाय."

"जुन्या काळी पीत असतील," जेरुशा म्हणाली.

तिसरा पेला रिकामा होता.

*

कचेरीत अबाजीकाका कोट घालून, टोपी सारखी करून बसले. घाणा, शनिवार, बैल, चिंच, सगळं त्यांनी असं सांगितलं की तरुण रब्बींची लेखणी मधेच थांबली आणि ते नुसतेच ऐकत राहिले. शेवटी त्यांनी शिक्का उचलला. शिक्का पडला तो आवाज जेरुशाला जन्मभर पुरला असता.

कचेरीच्या दारात पांढऱ्या दाढीचा एक शिपाई बसायचा, युरोपातून आलेला. जेरुशा आणि काका निघाले तसा तो चटकन उठून उभा राहिला, पाण्याचा पेला पुढे केला आणि जेरुशाच्या खांद्याच्या मागे बघत अगदी आदराने काहीतरी बोलला. ती भाषा यिद्दिश होती, युरोपातल्या यहुद्यांची. जेरुशाला तिचा एक शब्द कळत नसे.

"काय म्हणालात?" तिने हिब्रूत विचारलं.

"तुम्हाला नाही," शिपाई म्हणाला. "आजींना. बाहेर ऊन आहे, पाणी पिऊन जा, म्हटलं."

काकांनी मागे पाहिलं, मग जेरुशाकडे पाहिलं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. पण ती आनंदाने इतकी फुललेली होती की त्यांनी टोपी पुन्हा सारखी केली आणि जिना उतरायला लागले.

*

लग्न झोकात झालं. किबुत्झची माणसं ट्रकमधून आली, लोदची बसमधून. मेयर नाचले, रोझीबाईंनी हिरव्या बांगड्या वाजवत गाणी म्हटली. एरनच्या बोटाला मेंदी लावली तेव्हा तो लहान मुलासारखा हाताकडे बघत बसला. मधेच शुलामितमावशी जेरुशाला म्हणाली, "तुजी ती म्हातारी नवऱ्याच्या बाजूला जाऊन बसली गो, ऐकंनाच." जेरुशा हसली. अकूबाईला जावई आवडला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरामागच्या झाडाखाली तीन ताटल्या मांडल्या. रोझीबाईंनी हन्नाबाईला निरोप दिला, सासूला निरोप दिला. तिसऱ्या ताटलीवर त्यांनी हात ठेवला आणि आवाज भरून आला.

"एस्तेर, अकूबाई, लेकीच्या लेकीच्या लेकीचं लगीन झालं. जेवून जा. सुखानं जा."

वारा नव्हता. जेरुशाला वाईट वाटलं, अगदी स्टेशनवर कुणाला पोचवून यावं तसं. मग सगळं आवरलं, आणि ती आणि एरन आपल्या नव्या घरी गेले.

*

घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. भिंतींना चुन्याचा वास, टेबलावर नवं मेणकापड. जेरुशाने दोन पेले चहा केला, मधे साखरेच्या वड्यांची बशी ठेवली आणि तागाच्या कापडात गुंडाळलेला तो जाड कागद आणायला ती कपाटाशी गेली. चौकोन आता भरला होता. तो कागद चौकट करून भिंतीवर लावायचा होता.

कट्.

तिचा हात कपाटावर थांबला.

"काय फुटलं?" एरनने विचारलं.

"काही नाही."

एरनचा चेहरा पांढरा पडला होता. तो बशीकडे बघत होता. "तो आवाज," तो म्हणाला. "माझी आजी साखर अशी फोडायची. दातांत धरून. अर्धी स्वतः ठेवायची आणि अर्धी माझ्या तळहातावर. घरातलं दुसरं काहीच मला आठवत नाही, जेरुशा. आई नाही, बाप नाही. एवढंच आठवतं. आणि मग बर्फातून चालणं."

"तुझ्याबरोबर होती ती?"

"मागे पडली."

जेरुशाने खाली पाहिलं. दारापासून टेबलापर्यंत फरशी ओली होती, तळहाताएवढ्या जागी, एकापुढे एक.

आईचे शब्द तिला आठवले. आज हितं बसलेल्यांच्या.

निरोप दिला होता तो अकूबाईला. अकूबाई आलीच नव्हती.

"एरन," तिने शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"मी तिला बोबे म्हणायचो."

"बोबे म्हणजे नुसतं आजी. नाव?"

एरनने आठवून पाहिलं. मग मान हलवली. "कुणाला विचारू? विचारायला कुणी उरलंच नाही."

जेरुशा स्वयंपाकघरात गेली. तिने तिसरा पेला विसळला, भरला, साखर न घालता. तो घेऊन ती बाहेर आली.

एरनच्या शेजारची खुर्ची ओढलेली होती. एरन जागचा हलला नव्हता. त्याने उजवी मूठ घट्ट मिटली होती, लहान मुलं मिटतात तशी, आणि तो रडत होता.

"उघड," ती म्हणाली.

त्याने मूठ उघडली. मेंदी लावलेल्या बोटांमध्ये साखरेची अर्धी वडी होती. ओली.